हजेरीपटातला नारू

आमच्या गावच्या शाळेची जुनी इमारत पाडायची ठरली तेव्हा तिथल्या हेडमास्तरांचा मला फोन आला. पत्र्याच्या दोन पेट्या निघाल्या होत्या, आत जुनं दप्तर. "सर, तुम्ही ह्याच शाळेचे. एकदा डोळ्याखालून घाला, न्हाईतर रद्दीत जाईल," ते म्हणाले. मी तोवर नोकरीतून मोकळा झालो होतो. दुसऱ्याच दिवशी गेलो.

बालाघाटच्या कडेचं आमचं गाव. १९५६ पर्यंत आम्ही हैदराबाद राज्यात, त्यामुळं पेटीतली तळची पानं उर्दूत. त्यावर मराठी. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, तिथून पुढचे रजिस्टर सगळे एका मापाचे, लाल कापडी पाठीचे. कसर लागलेली, काही पानं वाळवीनं जाळीदार केलेली. त्यात मला १९६५-६६ चा तिसरीचा हजेरीपट सापडला. माझंच नाव होतं पाचव्या ओळीत. पण मी खिळून राहिलो ते दुसऱ्या गोष्टीवर. गैरहजेरीचा जो शून्य असतो, त्याच्या पोटात काही ठिकाणी बारीक अक्षरात 'ना' लिहिलेलं होतं. एका पोराच्या ओळीत सलग सव्वीस दिवस ना, ना, ना. दुसऱ्याच्या ओळीत फाल्गुनापासून परीक्षेपर्यंत. आताच्या मास्तरांना वाटलं, 'नाव कमी' असेल. मला बघताक्षणी कळलं. तो नारू होता.

आजच्या पोरांना नारू म्हणजे काय ते सांगावं लागतं, याचा मला आनंदच आहे. आमच्याकडं बलुतेदारांना कारू आणि अलुतेदारांना नारू म्हणत. हा त्यातला नव्हे. हा न बोलावता येणारा. पायाच्या घोट्यापाशी किंवा पोटरीवर फोड यायचा, निखारा ठेवल्यासारखी आग व्हायची, फोड फुटला की आतून पांढरं सुतासारखं टोक डोकवायचं. तो किडा हात-दीड हात, कधी दोन हात लांब. काडीला गुंडाळून रोज बोटभर, अर्धं बोट असा ओढायचा. पंधरा दिवस, महिना. घाईनं ओढला की तुटायचा. तुटला की आत राहिलेला भाग सडायचा, पाय सुजून भोपळा व्हायचा आणि माणूस कायमचा अधू व्हायचा. त्यावर औषध नव्हतं. आजही नाही, लसही नाही. रुईचं पान तेल लावून, गरम करून बांधायचं, गुळात हिंग घालून गिळायचा आणि वाट बघायची. माझी आजी म्हणायची, नारू रक्तातच असतो, ज्याच्या नशिबी त्याला निघतो.

यायचा तोही नेमका कामाच्या दिवसांत, उन्हाळ्यापासून पेरणीपर्यंत. बाप बाजेवर पडला की पोरगं औतामागं. म्हणजे नारू बापाला, गैरहजेरी पोराची. गुरुजींच्या 'ना'मध्ये हे दोन्ही प्रकार होते. काही ठिकाणी त्यांनी 'ना' आणि पुढं 'वडील' असं लिहिलेलं आहे.

ते गुरुजी आमच्याकडं आले ते मी दुसरीत असताना. सोलापूरकडचे. सदऱ्यावर काळी टोपी, पायजमा, सायकल. दोन शिक्षकी शाळा, दुसरे मास्तर येऊन-जाऊन असायचे, हे मात्र गावात खोली करून राहिले. त्यांनी आल्या आल्या शाळेचं मंत्रिमंडळ केलं. मुख्यमंत्री, स्वच्छतामंत्री, पाणीमंत्री आणि मी आरोग्यमंत्री. माझं काम सकाळी प्रार्थनेनंतर नखं, दात, कान बघायचं. ज्याची नखं वाढलेली त्याला ओट्यावर बसवून ब्लेडनं कापायची. खरजेची पोरं वेगळी काढायची, त्यांना गुरुजी गंधक आणि करंजीच्या तेलाचा लेप लावून उन्हात बसवायचे. वास असा यायचा की घरी माय अंघोळ केल्याशिवाय चुलीजवळ येऊ द्यायची नाही. राखुंडीऐवजी कडुलिंबाची काडी, शेंबूड हाताला नाही तर फडक्याला, असले सगळे कायदे. आम्हाला त्यात मौज वाटे. कारण खातं होतं ना!

देवी टोचणारा डॉक्टर यायचा त्या दिवशी मात्र मंत्रिमंडळ खिडकीतून उड्या मारून पळायचं. दातेरी फिरकी दंडावर ठेवून पिळायचे, दंड आठ दिवस ठणकायचा. गुरुजींनी पहिल्यांदा स्वतःचा सदरा वर करून स्वतःला टोचून घेतलं. त्यांच्या दंडावर आधीचे दोन व्रण होतेच, तिसऱ्यांदा टोचायची काय गरज होती? पण आम्ही रांगेत उभे राहिलो. १९७५ साली देशातली देवीची शेवटची लागण होऊन गेली. माझ्या दंडावरचा व्रण रुपयाएवढा आहे, नातवंडं त्यावर बोट फिरवतात.

नारूच्या बाबतीत गुरुजींना टोचून घेऊन दाखवता येईना. त्यांनी हजेरीपट धरला. नारूनं कोण किती दिवस घरी, ते मांडत गेले. आणि एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, आम्हा चार मंत्र्यांना थांबवून घेऊन त्यांनी विचारलं, "ह्यात कुणाच्या नावापुढं 'ना' नाही?"

आम्ही बघितलं. गावातल्या प्रत्येक आळीचं पोरगं होतं त्यात. पाटलाचं होतं, वाण्याचं होतं, कुणब्याची तर बरीच. नव्हती ती बौद्धवाड्यातली तीन पोरं. गाव तेव्हा त्या वस्तीला दुसऱ्याच नावानं हाक मारायचं.

"का नाही?"

पाणीमंत्री म्हणाला, "ती बारवंवर येत न्हाईत, गुर्जी."

येत नव्हती म्हणजे त्यांना येऊ देत नव्हते. बारव म्हणजे आमच्या गावची शान. घडीव दगडाची, जुन्या काळातली, चारी अंगांनी नाही पण एका अंगानं रुंद पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या, कोनाड्यात गणपती, वर महादेवाचं देऊळ. बाया घागर घेऊन खाली उतरायच्या, शेवटच्या पायरीवर घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहायच्या आणि घागर बुडवायच्या. वस्तीतल्या माणसांना तिथं पाय ठेवायची मुभा नव्हती. ती नदीच्या वाळूत झिरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरायची. वाळूतनं झिरपलेलं, रोज नवं, काचेसारखं पाणी. आम्ही त्यांना विटाळ म्हणून बारवेपासून दूर ठेवलं आणि नारू आम्ही प्यालो.

हे मी आज लिहितोय. तेव्हा एवढंच कळलं की गुरुजी गप्प झाले आणि त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

पुढच्या आठवड्यात त्यांनी काचेचा पेला आणि भिंग आणलं. बारवेचं पाणी पेल्यात घेऊन उन्हात धरलं. आधी काही दिसेना. मग डोळा बसला तसे पांढरे ठिपके दिसायला लागले, मोहरीपेक्षाही बारीक, झटका देत वरखाली होणारे. त्यांनी सांगितलं ते असं: नारूचा फोड पाण्यात बुडाला की नारू आपली पिलं पाण्यात सोडतो. ती पिलं हे ठिपके, म्हणजे पाण्यातले पिसवे, गिळतात. पंधरा दिवसांत पिलू त्यांच्या पोटात तयार होतं. ते पाणी आपण पितो. पिसवा पोटात मरतो, पिलू जगतं, आणि वर्षभरानं पायातनं बाहेर येतं. माणूस आग विझवायला पाय पाण्यात घालतो आणि फिरून तेच.

हे ज्ञान काही गुरुजींचं नव्हतं. फेडचेन्को नावाच्या रशियन माणसानं १८७० च्या सुमारास समरकंदकडं हा पिसवा पकडला होता. आपल्या मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत, जिला पुढं हाफकिनचं नाव मिळालं, तिथं तुर्खुड नावाच्या डॉक्टरांनी पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे तेच तपासून पाहिलं. तिसाच्या दशकात म्हैसूर संस्थानात मूर्ती नावाच्या डॉक्टरांनी पायऱ्यांच्या विहिरीत हे पिसवे खाणारे मासे सोडून बघितले. म्हणजे माझा जन्म व्हायच्या कितीतरी आधी सगळं माहीत होतं. फक्त आमच्या बारवेपर्यंत यायला कुणी नव्हतं. गुरुजींनी ट्रेनिंगला असताना आरोग्यशास्त्राच्या पुस्तकात वाचलेलं, तेवढ्यावर ते उभे राहिले होते.

उपाय सोपा. दुहेरी कापडातनं पाणी गाळून प्यायचं आणि नारूच्या माणसानं पाण्यात पाय घालायचा नाही. गुरुजींनी आम्हा सगळ्यांना घरून धोतराचा धडपा आणायला लावला. शाळेच्या रांजणावर गाळणं बांधलं. त्या दिवसांत शाळेत परदेशी पावडरीचं दूध यायचं, कढईत उकळायचं आणि पितळीतनं प्यायचं. पुष्कळांना त्यानं जुलाब व्हायचे, पण ती वेगळी कथा. त्या दुधाचं पाणी गाळूनच कढईत. आणि १९६६ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला, आदल्या वर्षीच्या पावसानं दगा दिल्यानं बारव तळाला गेलेली असताना, त्यांनी आम्हा मंत्र्यांना बारवेच्या तोंडाशी उभं केलं. पाळीपाळीनं, दिवस उगवायच्या आत. पायाला फडकं बांधलेलं माणूस दिसलं की म्हणायचं, "मावशी, तुमी वरच थांबा, आमी भरून देतो." भरून द्यायचं. भांडायचं नाही.

आधी लोक हसले. मग बऱ्याच जणी थांबायला लागल्या. आयतं पाणी कुणाला नको?

पाडव्याच्या आधीची गोष्ट. माझी थोरली बहीण, अक्का, तेव्हा बारा-तेरा वर्षांची. चौथी झाल्यावर तिची शाळा बंद केलेली. माय बाळंतीण होती, त्यामुळं पाण्याच्या सगळ्या खेपा अक्काच्या डोक्यावर. तिच्या उजव्या घोट्यापाशी फोड आला होता. दोन दिवस ती लंगडत होती, नानांना तिनं सांगितलं नाही. त्या दिवशी पहाटे माझी पाळी होती. ती चुंबळ आणि दोन घागरी घेऊन आली. परकराखाली फडकं बांधलेलं मला दिसलं. तिलाही कळलं की मला दिसलं.

तिथं आणखी दोन बाया होत्या. मी काही बोललो असतो तर अर्ध्या तासात गावभर झालं असतं की ह्यांच्या पोरीला नारू आहे, आणि त्या वर्षी तिला बघायला पाहुणे यायचे होते. मी एवढा विचार केला असेल का, नऊ वर्षांच्या पोरानं? केला असावा. घरात तेच बोलणं चाललं होतं. शिवाय तिच्या दोन घागरी भरून वर आणायचा मला कंटाळाही आला असावा. मी महादेवाच्या देवळाकडं तोंड करून उभा राहिलो. ती खाली उतरली. पाण्यात पाय पडल्यावर तिनं सोडलेला सुस्कारा मला वर ऐकू आला. आग थांबली असणार.

आठ-दहा दिवसांनी नारूचं टोक आलं. नाना शेतातनं आले, बघितलं, आणि पाहुणे यायच्या आत मोकळं व्हावं म्हणून त्यांनी तो ओढला. तुटला.

पुढचा महिना अक्का बाजेवर होती. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, अंगात ताप, रात्री विव्हळणं. गुरुजींना कुणीतरी सांगितलं. सुट्टी लागायच्या आधी, एप्रिलच्या शेवटी, ते संध्याकाळी घरी आले. त्यांनी मीठ घातलेल्या कोमट पाण्यानं जखम स्वतः धुतली, पट्टी बांधली, तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला नानांना बजावलं. माय ओसरीत आली आणि तिनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला.

आमच्या घरी पाणी गाळत नव्हते. आरोग्यमंत्र्याच्या घरी. आजीला गाळणं म्हणजे महादेवाच्या पाण्याला नाव ठेवणं वाटायचं, आणि मी शाळेत न्यायला धडपा मागितला तो कशाला, तेही घरात कुणी विचारलं नव्हतं. गुरुजींना हे माहीत असणार. त्यांनी तांब्याकडं पाहिलं, मायकडं पाहिलं. खिशात त्यांच्या घडी केलेला रुमाल असायचा. तो त्यांनी काढला, तोंड पुसलं, परत ठेवला आणि तांब्या वर करून पाणी प्याले.

त्यांचा स्वभाव मी नंतर पुष्कळ आठवून पाहिला आहे. शाळेत कडक माणूस. पण दुखण्याच्या घरी जाऊन बाईनं दिलेल्या पाण्यावर रुमाल धरणं त्यांना जमलं नाही. मी स्वतः पुढं छत्तीस वर्षं मास्तरकी केली. मला वाटतं, मीही तेच केलं असतं.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा बारवेचं पाणी हिरवं झालेलं. गुरुजींनी ठरवलं की शाळेच्या दुधाला आणि प्यायला झिऱ्याचं पाणी आणायचं. वस्तीतल्या त्या तीन पोरांनी झिऱ्यावरनं कळशी भरून आणायची, सगळ्यांनी प्यायचं. पहिले चार दिवस कुणाला पत्ता नव्हता. पाचव्या दिवशी गाव चावडीवर. गुरुजी हजेरीपट घेऊन गेले, 'ना' दाखवायला लागले. कोण बघतो? नारू परवडला पण हे नको, असं एक जण उभा राहून बोलला आणि माना हलल्या. त्याच्या स्वतःच्या पायाला फडकं होतं, हे मी पाहिलेलं आहे.

तालुक्याला अर्ज गेला. मास्तर लेकरांना बाटवतो, शिकवायचं सोडून विहिरीवर पहारे लावतो, असं काहीबाही. अर्ज आमच्या ओसरीत बसून लिहिला गेला, कारण शाईची दौत आमच्याकडं होती. नानांनी सही केली. अक्काचा पाय ज्यानं धुतला त्याच्याविरुद्ध. माय आतनं म्हणाली, "असं करू नका." एवढंच म्हणाली.

बदली लगेच झाली नाही, वर्ष गेलं. दुधाला परत बारवेचंच पाणी, गुरुजी ते गाळून, उकळून घ्यायचे. पहारे बंद झाले. हजेरीपटात 'ना' मात्र ते लिहीत राहिले, १९६६-६७ च्या चौथीच्या पटावरही आहेत, आदल्या वर्षीपेक्षा जास्त. त्यातली दोन घरं त्या दिवशी अक्काच्या मागोमाग घागर बुडवणाऱ्यांची आहेत. मी तारखा मांडून बघितल्या, हेडमास्तरांच्या टेबलावर, वहीच्या मागच्या पानावर. नारू कुणाच्या पायातनं कुणाच्या पोटात गेला याचा हिशेब लागत नसतो. त्या उन्हाळ्यात गावात दहा-बारा जणांना तरी नारू असेल. तरी मी मांडल्या.

१९६७ च्या जूनमध्ये गुरुजी सामान न्यायला आले. सायकल नव्हती. बैलगाडीनं फाट्यापर्यंत आणि पुढं यष्टी. गाडीत चढताना त्यांनी आधी डावा पाय टाकला आणि उजवा हातानं उचलून घेतला. पायजम्याखाली पट्टी होती, पट्टीत काडी. आम्ही पोरं जमलो होतो. त्यांनी माझ्या नखांकडं बघितलं आणि म्हणाले, "ठीक." गाडी गेली.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९७२ च्या दुष्काळात बारव पहिल्यांदा ठणठणीत कोरडी पडली. गाव खडी फोडायला गेलं, सुकडी खाऊन जगलं. दुष्काळानंतर काही वर्षांनी देवळामागं बोअर पाडलं आणि हातपंप बसला. त्या पंपाची जात आपल्याच मुलखातली. जालना आणि सोलापूरच्या मिशनच्या लोकांनी साठच्या दशकात बनवलेल्या मजबूत पंपांवरून पुढं सरकारनं आणि युनिसेफनं 'इंडिया मार्क दोन' काढला, आणि तो सगळ्या देशात, देशाबाहेर गेला. हातपंपाला पायऱ्या नसतात. त्याच्या पाण्यात कुणाला उभं राहता येत नाही, आणि तो कुणाचा, कुणाचा नाही, हे भांडण दोन-चार वर्षांत विझलं.

१९८३-८४ पासून सरकारनं नारूची मोहीम घेतली तेव्हा देशात वर्षाला सुमारे चाळीस हजार रोगी होते. महाराष्ट्र त्या राज्यांपैकी एक. मी तेव्हा दुसऱ्या तालुक्यात शिक्षक. नारूची चित्रं घेऊन माणसं घरोघर फिरत, बारवांत औषध टाकत, पायऱ्यांच्या तोंडाला भिंत घालून वर रहाट बसवत. शाळेतल्या पोरांना गाळणी वाटली. मी पोरांना पेला उन्हात धरून पिसवे दाखवले, तेच शब्द वापरून. जुलै १९९६ मध्ये राजस्थानात देशातला शेवटचा नारू निघाला आणि २००० च्या फेब्रुवारीत जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त असल्याचा दाखला दिला. त्याची बातमी मी शाळेच्या फळ्यावर लिहिली. एका पोरानं विचारलं, "नारू म्हंजी काय, सर?"

आमच्या गावच्या बारवेच्या पायऱ्याही भिंतीआड गेल्या. आता तरुण मंडळी ती भिंत पाडून बारव पुन्हा मोकळी करायची म्हणतात, दिवाळीला दिवे लावून फोटो काढायला. करावं. बारव देखणीच होती.

पेटीतला तो हजेरीपट मी हेडमास्तरांना विचारून घरी आणला आणि अक्काकडं घेऊन गेलो. तिला पाहुणे आले ते सहा वर्षांनी, बिजवर. घोटा तो आखडला तो आखडलाच. सत्तरी उलटली तरी ती पंज्यावर टेकून चालते. संसार चांगला केला. तिच्या घरी नळ आहे, नळाच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं असतं. सून हसते, दर सोमवारी ते धुऊन परत बांधते.

मी पानं उघडून तिला 'ना' दाखवले. बारवेची गोष्ट काढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी देवळाकडं तोंड केलं होतं, म्हणालो.

"मला काय ठावं न्हाई व्हय," ती म्हणाली. "म्या तर देवाला म्हनलं, ह्यो बोलंना तर बरं."

मग तिनं हजेरीपट मांडीवर घेतला. तिला वाचायला येतं, चौथीपर्यंतचं. बोट ठेवून तिनं खालची गुरुजींची सही लावून घेतली. नानांच्या अर्जाचं तिला माहीत होतं, ती ओसरीच्या पलीकडंच बाजेवर पडलेली होती तेव्हा. त्याबद्दल ती काही बोलली नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली,

"गुर्जीचा निघाला व्हता का रं सगळा? का तुटला?"

मी म्हणालो, "ठाऊक नाही."

तिनं पान मिटलं आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.